तिसऱ्या जॉर्जची अर्धी गोष्ट

५ जानेवारी, सोमवार

ह्यांच्या ऑफिसचं पत्र आलं. ३० तारीख शेवटची. साठी झाली, माहीत होतंच. तरी कागदावर वाचलं की वेगळं वाटतं. ह्यांनी दोनदा वाचलं, घडी घातली, लाइटबिलांच्या फाइलीत ठेवलं आणि बाल्कनीत जाऊन अळूला पाणी घातलं. सकाळी एकदा घातलेलं होतं.

जेवताना म्हणाले, "व्हिसा कंपनीचा, हे घर कंपनीचं. म्हणजे सगळंच खलास."
"निखिल काढेल की आपला व्हिसा."
"मी मुलाच्या व्हिसावर राहू? हं? हं?"

प्रत्येक वाक्यामागे दोनदा "हं?" म्हणायची ह्यांची सवय. उत्तर नको असतं. मी ताक वाढलं.

इतकी वर्षं इथे आखातात माझ्या आणि निखिलच्या रहिवासी कार्डावर स्पॉन्सर म्हणून ह्यांचं नाव. आता ह्यांच्या कार्डावर निखिलचं येणार. ते घशाखाली उतरत नाही, दुसरं काही नाही.

मेथी २ जुड्या ३ दिरहम. (म्हणजे त्र्याहत्तर रुपये. मेथीला! असो.)

६ जानेवारी, मंगळवार. अंगारकी

उपास. दुपारी निखिलचा फोन. "आई, पेरेंट्स व्हिसा इज सिंपल. वर्षाचा असतो, दरवर्षी रिन्यू. पण दोघांचा एकत्रच होतो. एकट्या आईचा नाही देत. तू बाबांना कन्व्हिन्स कर."

कन्व्हिन्स म्हणे. तीस वर्षांत ह्यांना एसी बावीसवर ठेवायला कन्व्हिन्स करता आलं नाही.

रिटायर झालेल्या लोकांचा वेगळा व्हिसा असतो, त्याच्या अटी आमच्या ऐपतीबाहेरच्या. ते बघून झालं. म्हणजे दोनच वाटा. एक, समुद्राकाठी मरीनाला, निखिलच्या टॉवरमध्ये. दोन, पुण्याचा फ्लॅट, जिथे भाडेकरू निघून गेल्यापासून कबुतरं राहतात.

मोदक अकरा. एक फुटला, तो मी खाल्ला.

८ जानेवारी, गुरुवार

रुचा शाळेतून परस्पर आली. सूनबाई इथेच आमच्या वस्तीत, सिलिकॉन ओएसिसमध्ये, ब्रिटिश शाळेत इतिहास शिकवतात. मरीनाच्या रस्त्यावर त्या वेळी गाड्या मुंगीसारख्या, म्हणून आठवड्यातून दोनदा माझ्याकडे चहा घेते आणि गर्दी ओसरली की जाते. जन्म इथलाच, मराठी जेमतेम. या सत्रात तिला इंग्लंडचे जॉर्ज राजे शिकवायचेत. म्हणाली, "आई, मी तुम्हाला मराठीत सांगते. तुम्हाला समजलं तर एट्थ इयरला पण समजेल." म्हणजे मी आठवीत. चालेल, दहावीपर्यंत शिकलेय, मागे जायला काय.

मटार सोलता सोलता दोन जॉर्ज झाले.

पहिला जॉर्ज: जर्मनीहून आणलेला. इंग्रजी धड येईना. बायकोला एका किल्ल्यात डांबून ठेवली होती, ती तिकडेच वारली. मी म्हटलं, असल्याला राजा कशाला केला? रुचा म्हणाली, "त्याच्या आधी पन्नासेक लोक लाइनमध्ये होते, पण ते सगळे कॅथलिक." म्हणजे धर्म बघितला, स्वभाव नाही बघितला. स्थळं बघताना आपल्याकडेही हेच.

दुसरा जॉर्ज: सकाळी चॉकलेट प्यायला, संडासात गेला आणि तिथेच गेला. राजा! रुचा हसत होती. मी नाही हसले. हसले. पण मटार सांडले तेव्हा थांबले.

११ जानेवारी, रविवार

मरीनाला जेवायला. खाली सिक्युरिटीवाल्यानं विचारलं, "व्हिजिटिंग हूम, सर?" हे म्हणाले, "माय सन." त्यानं वहीत लिहिलं, ह्यांची सही घेतली, कार्ड ठेवून घेतलं. लिफ्टमध्ये हे म्हणाले, "आपल्या घरात यायला सही. हं? हं?"

घर सुंदर आहे, नाही कसं म्हणू. पडदे रिमोटवर. एका कोपऱ्यात पितळेचा हत्ती, माझ्या कमरेएवढा. त्याची पूजा नाही, आरती नाही, नुसता उभा. किंमत विचारली तर निखिल म्हणाला, "आई, प्लीज."

जेवण बाहेरून मागवलं होतं. निखिल सध्या भात खात नाही, त्यामुळे भातच आला नाही. ह्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि पोळी म्हणून जे होतं ते खाल्लं. घरी येऊन मी दहीभात कालवला. दोघांनी उभ्यानं खाल्ला.

१३ जानेवारी, मंगळवार

तिसरा जॉर्ज सुरू झाला. हा माणूस चांगला निघाला.

पहाटे उठायचा. स्वतःची शेगडी स्वतः पेटवायचा. रोज प्रार्थना. साधं जेवण, त्यातही सलगम. (मटण खायचा, ते सोडून देते. त्यांच्यात चालतं.) खर्चाला हात आखडता. बायको एकच, इकडेतिकडे बघणं नाही. राजवाड्याला लागून शेती करायचा, खत कसं टाकावं यावर दुसऱ्याच्या नावानं पेपरात पत्रं लिहायचा. लोक त्याला शेतकरी जॉर्ज म्हणायचे. आणि बोलताना प्रत्येक वाक्यामागे "व्हॉट? व्हॉट?"

माझ्या हातातला कप तसाच राहिला. रुचा पण माझ्याकडे बघायला लागली. दोघी एकदम बाल्कनीकडे वळून बघत होतो. तिथे थर्मोकोलच्या खोक्यात ह्यांचा अळू, कढीपत्ता, पुदिना.

"ओह माय गॉड, आई. बाबा!"

राणी शार्लट सतरा वर्षांची होती. जर्मनीतून बोटीनं आली, समुद्र लागला, इंग्रजीचं एक अक्षर नाही, दुपारी नवरा पहिल्यांदा बघितला आणि संध्याकाळी लग्न. मी एकोणीसची होते. सातारा-मुंबई-शारजा. मला निदान ह्यांचा फोटो पाठवला होता. तिलाही पाठवला होता म्हणे. दोन्ही फोटोंत केस जास्त होते असणार.

पंधरा मुलं झाली तिला. पंधरा बारशी!

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

यंदा संक्रांत आणि एकादशी एकाच दिवशी. तिळगूळ करायचा पण खायचा की नाही यावर भजनी मंडळाच्या ग्रुपवर सकाळपासून चर्चा. मी नैवेद्य दाखवला, उद्या खाऊ म्हटलं. ह्यांनी विचारलंही नाही, दोन वड्या खाल्ल्या.

रात्री जेवताना ह्यांना राजाची गोष्ट सांगितली. मी सांगते ती कथेसारखी सांगते, आटपाट नगर करून. काटकसरी, एकपत्नी, शेती करणारा. हे ऐकत होते. "व्हॉट व्हॉट" आलं तसे हसले. आरशात बघून केस बसवले.

"इंग्लंडचा राजा? हं? हं?"
"तिसरा."
"बरा होता म्हणायचा."

आजपासून रोजनिशीत ह्यांना ति.जॉ. लिहीन. कुणाला कळायचं नाही.

१८ जानेवारी, रविवार

ति.जॉ. रोज विचारतात, "आज काय केलं तुझ्या राजानं?" रुचा दोनच दिवस येते, मी तेवढंच पुरवून पुरवून सांगते. आज सांगितलं की दरबारात राजाराणीसमोर कुणी बसायचं नाही, आणि जाताना पाठ दाखवायची नाही, उलटं चालत दारापर्यंत जायचं. ति.जॉ. म्हणाले, निखिलला हे सांग. तो फोनवर बोलताना पण बसलेला असतो.

मग मी हळूच: "राजाचं सगळं कुटुंब एकत्र राहायचं हो. एकाच वाड्यात. मुलं, मुली, सगळे. त्यात त्याला कमीपणा नाही वाटला."

ति.जॉ. बाल्कनीत गेले. कढीपत्त्याची पिवळी पानं काढत बसले. मग म्हणाले, "एक वर्ष बघायला हरकत नाही. वर्षाचाच असतो ना तो व्हिसा."

हातातला डाव सुटला माझ्या. बाहेर काही दाखवलं नाही.

२२ जानेवारी, गुरुवार. माघी गणपती

आवर्तनं केली. ति.जॉ. आरतीला उभे राहिले, झांजा वाजवल्या. निखिलला फोन करून स्वतः म्हणाले, "पेपर्स काय लागतात ते पाठव." निखिल इतका गोंधळला की मराठीत बोलला.

रुचाला म्हटलं, तुझ्या राजानं काम केलं. ती म्हणाली, "आई, अजून हाफ स्टोरी बाकी आहे." मी म्हटलं, होऊ दे सावकाश, काय घाई आहे. पुढच्या आठवड्यात तिच्या शाळेत परीक्षा, ती यायची नाही.

(हे ३१ तारखेला लिहिलं: तेव्हाच विचारायला हवं होतं.)

२७ जानेवारी, मंगळवार

ऑफिसचा निरोप समारंभ शुक्रवारी. ति.जॉ. भाषण पाठ करतायत. मला खोलीत येऊ देत नाहीत. इस्त्रीवाल्याला सूट दिला, १५ दि. म्हणजे साडेतीनशेच्या वर. एकदाच होतं आयुष्यात, म्हणून काही बोलले नाही. लिहून ठेवते फक्त.

३० जानेवारी, शुक्रवार

देवा रे.

आधी काय झालं ते लिहिते. जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात केक, समोसे, सगळा स्टाफ. मोठे साहेब लंडनचे. ह्यांना बोलायला सांगितलं. हे उठले आणि म्हणाले, (घरी आल्यावर मला तसंच्या तसं म्हणून दाखवलं, एकदाच)

"सर, ऑल माय लाइफ आय हॅव ट्राइड टु बी लाइक युवर किंग जॉर्ज द थर्ड. माय वाइफ ऑल्सो सेज आय ॲम एक्झॅक्टली लाइक हिम."

साहेब हसायला लागले ते चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत. दुसऱ्या टेबलावरून कुणी तरी ओरडलं, "डिड यू लूज अमेरिका टू?" (अमेरिका त्याच राजाच्या हातून गेली होती म्हणे.) सगळे हसले. ह्यांना वाटलं कौतुक चाललंय. म्हणून पुढे म्हणाले, "ॲट होम ऑल्सो, सेम टु सेम." मग तर काय विचारायलाच नको.

शेवटी बाजूच्या टेबलावरच्या थॉमसनं, केरळचा, बावीस वर्षं एकत्र काम, कानाशी सांगितलं, "भाईसाब, वो राजा पागल था."

हे कंपनीच्या बसमध्ये बसून मोबाईलवर सगळं वाचत आले. जे मला माहीत नव्हतं ते पण.

दारात बूट काढले आणि म्हणाले, "तुझा राजा वेडा झाला होता. खुर्चीला बांधून ठेवायचे त्याला. सांगितलं नाहीस ते. हं?"

एकदाच "हं" म्हणाले.

३१ जानेवारी, शनिवार

सकाळीच रुचा धावत आली, परीक्षेचे पेपर तसेच टाकून. मी सांगितलं तशी मटकन बसली. "आई, तुम्ही बाबांना सांगितलं? मी तर इलनेसपर्यंत पोचलेच नव्हते!"

अर्ध्या कथेवर प्रसाद वाटला मी. सत्यनारायणाच्या पूजेत असं केलं असतं तर गुरुजींनी उठवलं असतं मला.

"आता उरलेलं सांग," म्हटलं. "सगळं सांग. काही लपवू नको."

मग तिनं सांगितलं. राजा दिवसरात्र बडबडायचा. बरा झाला, पुन्हा वेडा झाला, पुन्हा बरा झाला, शेवटी नाहीच झाला. मग मुलाला कारभार दिला. रीजंट म्हणतात. बाप जिवंत, नावाला राजा, आणि सगळं मुलाच्या हातात. तो मुलगा म्हणजे खर्चिक, जाडजूड, समुद्राकाठी एक महाल बांधलेला, त्यात चिनी ड्रॅगन लोंबकळतायत.

मला पितळेचा हत्ती आठवला. रुचालापण तोच आठवला असावा, कारण तोंडावर हात ठेवला.

"त्या मुलाची बायको?" मी विचारलं.
"आई, ते आपण स्किप करू या."

जाताना ह्यांच्या खोलीच्या दाराशी उभी राहिली. "बाबा, आय ॲम सो सॉरी." आतून आवाज: "तुझी चूक नाही बेटा. तू इतिहास शिकवतेस. चूक ज्यांनी तो घरी आणला त्यांची."

२ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिस नाही, पहिला सोमवार. हे पाचला उठले, आंघोळ, शर्ट पँट घालून बसले. आठ वाजता सोफ्यावर बसून राहिले. मी पोहे केले.

संध्याकाळी निखिल आला. त्याला सगळं कळलेलं.

"बाबा, इट्स जस्ट अ जोक. इट वॉज अ फेअरवेल."
"मला माहीत आहे काय आहे ते. मला वेडा ठरवून तुला कारभार द्यायचाय."
"कसला कारभार? टू-बेडरूम फ्लॅट आहे!"
"तेच. रीजंट."
"व्हॉट इज रीजंट?"
"बायकोला विचार!"

निखिलनं माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे.

"मी पुण्याला चाललो. यल्ला, चल, तिकीट बघ माझं."

'माझं' म्हणाले. 'आपलं' नाही म्हणाले.

३ फेब्रुवारी, मंगळवार

सुपरमार्केटमधून केळ्यांची रिकामी खोकी आणली ह्यांनी. फुकट. एकात फाइली भरल्या, एकात चपला. मी ति.जॉ. लिहायचं बंद केलंय.

शेजारच्या सामंतवहिनी डोकावल्या. "काय, शिफ्टिंग का? मरीना का?" मी म्हटलं बघू. त्या म्हणाल्या, "मज्जा आहे बाई तुमची, समुद्र दिसेल." मी म्हटलं हो.

समुद्र बघायचाय का हे मला कुणी विचारलं नाही, आणि कबुतरं बघायचीत का हेही नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

रुचा आली. घाबरतच आली. राजांबद्दल एक शब्द नाही, शेंगा सोलत बसली. मीच विचारलं.

"राणीचं काय झालं गं पुढे?"
"कोणत्या?"
"शार्लटचं. तो वेडा झाल्यावर."

पार्लमेंटनं राज्य मुलाला दिलं आणि राजा राणीच्या ताब्यात. त्याचं खाणंपिणं, औषधपाणी, तिची जबाबदारी. भीती वाटायची तिला त्याची, तरी. मुलाचं आणि बापाचं आधीपासून पटत नव्हतं, ती दोघांच्या मध्ये. तपकीर खूप ओढायला लागली.

"आणि तिला काय हवं होतं?"

रुचानं बराच विचार केला. "आई, सिलॅबसमध्ये नाहीये ते."

शेंगा सोलून झाल्या. साली मी बाल्कनीत अळूच्या खोक्यात टाकल्या, खत होतं. तिथे उभी असताना एकदम वाटलं की मला इथे राहायचंय. इतकं साधं. भजनी मंडळ आहे, जबल अलीचं देऊळ आहे, मुलगा आहे, ही पोरगी शेंगा सोलायला येते. पुण्यात आता मला ओळखणारा वाणीसुद्धा राहिला नाही. पण हे तोंडानं कधी म्हटलंच नाही मी. ह्यांना नाही, निखिलला नाही. दोघांना एकमेकांचं सांगत राहिले.

७ फेब्रुवारी, शनिवार

बोलले.

निखिल आणि रुचा चारला आले. हे बाल्कनीत, पाठ करून, कात्रीनं पुदिना छाटत. दार उघडं होतं. मी चहा ठेवला आणि उभ्यानंच सांगितलं, "मला राहायचंय. इथे. मला पुण्याला जायचं नाही."

कात्री थांबली.

निखिल म्हणाला, "आई, मग तू आधी का नाही..."
"कुणी विचारलं?"

मग रुचा म्हणाली, (देव तिचं भलं करो) "ॲक्च्युअली, त्या रीजंटला पहिल्या वर्षी फुल पॉवर नव्हती. रिस्ट्रिक्शन्स होत्या. राजा बरा झाला तर परत देता यावं म्हणून."

"पहिलं वर्ष?" मी म्हटलं. "व्हिसा पण वर्षाचाच आहे."
"एक्झॅक्टली, आई!"

मग अटी सुरू झाल्या. मी म्हटलं, एसी चोवीस. निखिल म्हणाला, ओके. घरात भात रोज शिजेल, तुला खायचा नसेल तर नको खाऊ. ओके. माझा कुकर बाहेर ओट्यावर राहणार, कपाटात नाही. रुचा म्हणाली, डन. देव पूर्वेच्या भिंतीला. तिथे टीव्ही आहे, निखिल म्हणाला. टीव्ही हलवा. "आई, पंच्याहत्तर इंच आहे तो!" मग हत्ती हलवा आणि तिथे टीव्ही ठेवा. निखिल रुचाकडे बघायला लागला, रुचा जमिनीकडे.

"ओके. हत्ती हलवू."

बाल्कनीतून आवाज आला, पाठ तशीच. "अळूचं काय?"

निखिल म्हणाला, "बाबा, टॉवरच्या नियमात कठड्यावर काही ठेवायला बंदी आहे. पण आत, फ्लोअरवर..."
"ऊन येतं का तिथे?"
"सकाळी येतं," रुचा म्हणाली.
"अळूला सकाळचं पुरतं." मग पुन्हा पुदिना छाटत: "आणि लिफ्टमध्ये लोकांना मी निखिलचा फादर म्हणून सांगायचं नाही. मला नाव आहे."

निखिल म्हणाला, "ओके, बाबा. खालच्या सिक्युरिटीला पण तुमचं नाव देतो. ओनर्स लिस्टमध्ये. परत सही नको."

हे आत आले, चहा घेतला, निवला होता, तसाच प्याले. "मी हो म्हटलेलं नाही," म्हणाले. खोकी तशीच आहेत. चपलांचं मात्र उघडलं, कारण घालायला चप्पल नव्हती.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज टायपिंग सेंटरला गेलो, व्हिसाचे अर्ज भरून देतात तिथे. निखिलनं अर्धी रजा काढली. हे आले. "नुसता येतो बघायला," म्हणाले. पासपोर्ट शर्टाच्या खिशात.

तिथला माणूस केरळचाच, कीबोर्डकडे न बघता टाइप करत होता. आधी माझं. "स्पॉन्सर?" निखिलचं नाव. "रिलेशन?" सन. "मॅडम, प्रोफेशन?" मी म्हटलं, हाऊसवाइफ. खट खट, झालं. इतकी वर्षं तेच होतं, तेच राहिलं.

"चाचा, आपका पासपोर्ट?"

ह्यांनी खिशावर हात ठेवला. काढला नाही. "पहले बताओ क्या क्या लिखोगे."
"नाम, जन्म, स्पॉन्सर, सब. प्रोफेशन में कुछ नहीं आएगा."
"सीनियर परचेस ऑफिसर. उनतीस साल."
"वो तो खलास, चाचा. अब वो खाली रहेगा."

हे त्या पडद्याकडे बघत राहिले. माझ्या नावापुढे शब्द होता. ह्यांच्यापुढे रिकामं. आयुष्यात पहिल्यांदा माझी नोकरी ह्यांच्यापेक्षा पक्की निघाली, आणि मला त्याचा काही म्हणता काही आनंद झाला नाही.

निखिल म्हणाला, "फार्मर लिहिता येईल का?" 

थट्टा नव्हती. मी त्याचं तोंड बघितलं, खरंच विचारत होता. ह्यांनीपण बघितलं. त्या माणसानं मान हलवली, डिपेंडंट व्हिसाला तसलं काही चालत नाही. हे म्हणाले, "जाऊ दे. दरबारात आधीच खूप हसू झालंय." पण आवाज बरा होता.

तेवढ्यात सिस्टम बंद पडली. माझं सेव्ह झालं, ह्यांचं सुरूच झालं नव्हतं. "बुकरा, इन्शाल्ला," तो म्हणाला आणि चहा घ्यायला उठला. उद्या सकाळी नऊला परत. पुढे बोटांचे ठसे, रक्त, छातीचा एक्स-रे.

बाहेर कडक चहा घेतला. निखिल मोबाईल काढून पैसे देत होता. हे म्हणाले, "थांब," आणि स्वतः दिले. तीन दिरहम. निखिलनं देऊ दिले. एरवी असा हट्ट धरतो, आज नाही धरला.

घरी आल्यावर मी विचारलं, "उद्या येणार ना?"
"तुझं तर झालं."
"माझं एकटीचं होत नाही. दोघांचं लागतं."
"माहीत आहे मला." चप्पल काढता काढता थांबले. "तेवढ्यासाठीच तर विचार चाललाय. नाहीतर कालच विमानात बसलो असतो."

मी आत जाऊन दिवा लावला. शुभं करोति झालं. भाताला आधण ठेवलं.

आता बाल्कनीतून खुट खुट आवाज येतोय. हे नखं कापतायत. दिवेलागणीला नखं कापू नयेत हे लग्नापासून सांगत आलेय, आणि ह्या घरात ह्या वेळेला कुणी कधी कापली नाहीत. सरकारी कामाला ठसे द्यायचे असले की आदल्या दिवशी कापतात हे. प्रवासाला निघायचं असलं तरीही कापतात.

ओरडणार होते. नाही ओरडले. भात दोघांचा टाकलाय.